बिनसमेची खंजिरी

प्रिय भाऊ,

सगळे काका तुम्हाला भाऊ म्हणायचे, म्हणून आम्ही मुलंही भाऊच म्हणत राहिलो. 'बाबा' अशी हाक मी तुम्हाला एकदाही मारली नाही. आणि पत्र तर कधीच लिहिलं नाही! जपानहून पाठवलेली माझी सगळी पत्रं आईच्या नावाने यायची. तुम्ही पाकीट उलटसुलट करून तिकिटावरचं चित्र बघायचात आणि ते तिच्या पुढ्यात टाकायचात. "वाच वो, काय म्हंते पोरगी!"

पण आज तुमच्याशीच बोलायचं आहे. उद्या सकाळी नालवाडीच्या हातकागद केंद्रात माझा पहिला वर्ग आहे. पाच मुलंमुली आहेत, आणि जपानी भाषेचे अगदी पहिले उच्चार त्यांना शिकवायचे आहेत. त्यासाठी मला तुमची खंजिरी हवी होती. आणि नेमके परवा संध्याकाळी महादूकाका भजनी मंडळातल्या दोघांना घेऊन आपल्या ओसरीवर हजर झाले. कशाला? तर खंजिरी न्यायला!

मंडळाची रीत मी तुम्हाला काय सांगणार? भजनी माणूस गेला की तेरवी झाल्यावर त्याचं वाद्य मंडळात जातं, आणि सतरंजीवर त्याच्या जागी जो बसेल त्याच्या हाती पडतं. रीत चांगली आहे, मला मान्य आहे. पण भाऊ, तुम्ही साऱ्या सिंदी मेघ्याला सल्ले वाटलेत. कोणाची विहीर कुठे खणायची, कोणाच्या पोरीला कुठे द्यायची, सगळं सांगितलंत. मग खंजिरी कोणाची, एवढंच कसं सांगायचं राहिलं हो?

मला राग आला. तुम्हाला माझा राग ठाऊक आहे. पण काय झालं ते नंतर सांगते, कारण ते सांगायचं तर आधी इवाताबाईंपासून सुरुवात करायला हवी.

त्या आल्या तेव्हा मी केंद्रात चिंध्या निवडायच्या कामावर होते. कॉलेज संपलं होतं, तुम्ही स्थळं बघत होतात आणि मी प्रत्येक स्थळात खोट काढत होते. इवाताबाई जपानहून दोन वर्षांसाठी कागद शिकवायला आल्या. केस पांढरे, अंगात निळा झब्बा, आणि इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे तोडकंमोडकं. कामात हातांनी खाणाखुणा करून भागायचं, पण बोलणं पुढे सरकत नव्हतं. मग त्यांनीच ठरवलं की रोज काम सुटल्यावर आम्हा तिघांना त्यांची भाषा शिकवायची. पुढे आमच्यातल्या एकाला वर्षभरासाठी त्यांच्या गावी, त्यांच्या गुरूंच्या कागदशाळेत पाठवायचं होतं. जो स्वच्छ वाचेल तो जाईल, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यांचे गुरू म्हातारे होते. जपानीशिवाय दुसरी भाषा त्यांना येत नव्हती आणि कानांनी जरा कमी ऐकू यायचं. जाणारा बोलेल ते त्यांना समजलं पाहिजे, एवढीच अट होती.

आणि मला जायचं होतं, भाऊ! किती जायचं होतं ते तुम्हीच ओळखलंत. आईने स्थळाचं पुन्हा काढलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "थांब वो जराशी. पोरगी काही करून राह्यली, करू दे ना!" त्या एका वाक्यावर माझं सगळं आयुष्य फिरलं, हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. तुम्हाला ते आवडलंही नसतं.

सुरुवातीला तर मला वाटलं, हे काय, दोन महिन्यांत होईल! अ, इ, उ, ए, ओ. आपलेच स्वर. त्यांचा 'त्सु' ऐकून आमच्या तिघांतला, कारंज्याहून आलेला बी. ए. झालेला मुलगा गडबडला, आणि मी मात्र हसले. तो तर आपल्या चुलीतला च! चूल म्हणताना जीभ दाताला लागते ना, तसाच. आणि त्यांचा 'चि' म्हणजे चिमणीतला च. दोन्ही आपल्या घरचे. 'फु' म्हणताना मात्र ओठ मिटायचे नाहीत, विस्तवावर हलकी फुंकर घालायची. इवाताबाई ओठांसमोर पातळ कागदाची पट्टी धरायच्या. पट्टी हलली पाहिजे, फडफडता कामा नये. माझी फडफडायची, कारण चूल फुंकायची सवय! त्यांचा र हा र आणि ल यांच्या मधला, जीभ टाळूला एकदाच लागून खाली येणारा. तो मी सायकलवर येता-जाता घोकायचे. रा, रि, रु, रे, रो. रस्त्यातली माणसं वळून बघायची.

तुमच्या तोंडात तर ळसुद्धा नव्हता. डोळ्याचा डोया आणि शाळेची शाया! तरी तुम्ही ओसरीवर बसून माझ्यामागून रा, रि, रु म्हणायचात. आणि म्हणून झालं की स्वतःच खूश व्हायचात. "पाय, आलं ना मले!"

अडलं कुठे, तर लांबीत. त्यांच्या भाषेत प्रत्येक अक्षराला सारखी जागा असते. दीर्घ स्वर असेल तर बरोबर दुप्पट. आपण 'निप्पोन' म्हणतो ते कसं? 'निप्' वर जोर देतो आणि 'पोन' उरकून टाकतो. ते लोक त्याचे चार सारखे तुकडे करतात. नि, मग एक रिकामी जागा, मग पो, मग न्. त्या रिकाम्या जागेत काहीच बोलायचं नाही, पण ती पूर्ण धरायची. आणि शेवटचा न् हा अर्धा नाही, त्याला इतरांइतकीच जागा द्यायची. इवाताबाई टाळ्या वाजवून दाखवायच्या. मी म्हटलं की त्या मान हलवायच्या आणि अगदी गोड आवाजात म्हणायच्या, "मो इचिदो." म्हणजे पुन्हा एकदा. त्या गोड 'पुन्हा'चा मला इतका राग यायचा!

एका संध्याकाळी मी घरी येऊन दप्तर फेकलं. तुम्ही ओसरीत शेगडीवर खंजिरी शेकत बसला होतात, कातडं ताणलं जावं म्हणून. काय झालं विचारलंत. मी टाळ्या वाजवून दाखवल्या. तुम्ही ऐकलंत आणि मोठ्याने हसलात. "अवो बाप्पा! हे तं मात्रा हायेत. अन् हे मधातली रिकामी मात्रा हाय. यात काय रडतं कुंदे?"

आणि खंजिरी उचललीत. नि, रिकामी, पो, न्. मी बोलले, तुमचं बोट पडलं. पुन्हा. पुन्हा. दिवेलागण होईस्तोवर मी 'निप्पोन' म्हणत होते आणि आई स्वयंपाकघरातून विचारत होती, "काऊन जी, कोनतं नवं भजन हाय हे?"

त्या आठवड्यात मी विजयी होऊन वर्गात गेले. वाचायला उभी राहिले. सगळ्या मात्रा बरोबर, रिकामी जागा बरोबर, न् पुरता. वाचून झालं तर बाकीचे दोघं डोलत होते आणि इवाताबाई तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मग त्यांनी हसू आवरून मला समजावलं, की तुझं सगळं जागच्या जागी आहे, पण तू प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पाय आपटतेस. ऐकणाऱ्याला वाटेल, ही मुलगी मिरवणुकीच्या पुढे चालली आहे.

दोष कोणाचा होता, भाऊ? तुमच्या समेचा! तालाची ती पहिली मात्रा, जिच्यावर तुमचा अंगठा असा पडायचा की सतरंजीवरच्या सगळ्यांच्या माना एकदम खाली यायच्या. गावोगावी तुमचं नाव होतं ते त्या समेपायी. आणि तीच माझ्या जपानीत येऊन बसली होती. जपान्यांच्या भाषेत सम नसते. सगळ्या मात्रा सारख्या, कोणी मोठी नाही, कोणी धाकटी नाही. सूर थोडा वर-खाली होतो, पण धक्का कुठेच नाही. असली चूक करायला भजनी माणसाची पोरगीच पाहिजे!

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "सम नाई? मंग ते लोक येतेत कुठं?" असं तुम्ही विचारलंत, कारण भजनात फिरून समेवरच यायचं असतं. किती वेळ विचार करत बसलात. मला वाटलं, आता म्हणतील की तुझं तू बघ. तुम्ही खंजिरी पुन्हा हातात घेतलीत आणि सारखी वाजवायला लागलात. कुठे जमतंय! चार मात्रा नीट जायच्या आणि पाचवीला अंगठा आपोआप धडकन पडायचा. तुम्ही स्वतःच्या अंगठ्याकडे असं बघायचात की तो शेजाऱ्याचा बैल आहे आणि आपल्या तुरीत शिरला आहे.

त्या दिवसांत इवाताबाई आपल्याकडे आल्या होत्या, आठवतं? त्यांना बघायचं होतं की ही मुलगी घरी काय करते. तुम्ही स्वच्छ धोतर नेसून बसलात. मी पढवून ठेवलं होतं की नावापुढे 'सान' लावायचं, म्हणजे झाला मान. तुम्ही हात जोडून म्हणालात, "इवाता-सान-जी." मी डोळे वटारले. नुसतं सान पुरे हो! पण तुम्हाला ते पटेचना. मोठ्या बाईला जी न लावता हाक मारायची म्हणजे काय? घरी आलेल्या पाहुण्याला 'या' म्हणायचं आणि पाट द्यायचा नाही? मग 'कोन्निचिवा-जी' झालं, 'आरिगातो-जी' झालं. इवाताबाईंनी एवढंच मनावर घेतलं, की जी हा या घरचा रिवाज आहे. जाताना त्या वाकून म्हणाल्या, "भाऊ-सान-जी." आई पदरात तोंड घालून हसली. तुम्ही मात्र महिनाभर सगळ्यांना सांगत होतात, की जपानच्या बाईने मला जी लावलं.

त्यांच्यासमोर तुम्ही वाजवलंत, मी वाचलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. मध्येच तुमचा अंगठा पडला तसा त्यांनी एक डोळा उघडला आणि तुम्ही शाळकरी पोरासारखे चाचपडलात. मग दोघांनी मिळून माझी शिकवणी ठरवली. त्या सूर बघणार, तुम्ही मात्रा. मला कोणी विचारलंच नाही.

हळूहळू जमायला लागलं. आधी तुम्हाला, मग मला. एक दिवस तुम्ही अख्खं पान सारख्या मात्रांत वाजवलंत आणि मी ते श्वास न अडकता वाचलं. तो आवाज मी विसरणार नाही. खंजिरीच्या झांजा इतक्या हलक्या वाजत होत्या की आपण दोघं सपाट वाटेने सोबत चाललो आहोत असं वाटत होतं.

मंडळात कुरकुर झाली होती, ते मला ठाऊक होतं. बाजारात महादूकाका मला म्हणालेच, "कुंदाबाई, तुह्या जपानीनं भाऊची खंजिरी पार सपाट करून टाकली." मी घरी येऊन तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "महादूले काय समजते! झालं सारं ठीक." त्यानंतर दर गुरुवारी तुम्ही खंजिरीची पिशवी खांद्याला लावून नेमाने मंडळात गेलात. मला वाटलं, मिटलं.

परीक्षेचा दिवस. इवाताबाईंच्या गावाहून दोन पाहुणे आले होते. केंद्राच्या मोठ्या खोलीत ओला कागद भिंतींवर वाळत होता आणि मधे एक टेबल होतं. तुम्ही माझ्याबरोबर सायकलवर आलात आणि आत यायला साफ नकार दिलात. निंबाखाली बसून राहिलात. आधी कारंज्याच्या मुलाने वाचलं आणि चांगलं वाचलं, पाठ तर त्याला सगळंच होतं. मग माझं नाव पुकारलं. पान होतं लगदा कसा हलवायचा याबद्दलचं. मी डाव्या हाताचं बोट ओढणीच्या काठावर टेकवलं आणि एक, एक, एक, एक असं सुरू केलं. त्यानंतर मला काही आठवत नाही. एवढंच आठवतं, की पान संपलं तेव्हा दोन पाहुण्यांतला थोरला मला थेट जपानीत काहीतरी विचारत होता, मी उत्तर देत होते, आणि मधे कोणी दुभाषी नव्हतं.

बाहेर आले. तुम्ही उठून उभे राहिलात. दुसरा कोणताही बाप असता तर त्याने विचारलं असतं, काय झालं, निवडलं का? तुम्ही काय विचारलंत?

"सम देल्ली नाई ना?"

"नाई देल्ली, भाऊ."

"मंग झालं," असं म्हणून तुम्ही सायकलचं कुलूप काढायला लागलात. निकाल तुम्ही विचारलाच नाहीत. तो मीच मग रस्त्यात ओरडून सांगितला, तेव्हा तुमची सायकल जवळजवळ नालीत गेली!

तिकडे जपानात इवाताबाईंच्या त्या म्हाताऱ्या गुरूंना माझं बोलणं पहिल्या दिवसापासून समजलं. त्यांनी विचारलं, की तुला कोणी शिकवलं? इवाताबाईंचं नाव सांगितलं, आणि वडिलांचं. वडिलांना जपानी येतं का? मी म्हटलं, तीन शब्द येतात आणि तिन्हींना ते जी लावतात. ते इतके हसले की त्यांच्या हातातला साचा हलला आणि एक कागद वाया गेला. हे मी आईच्या पत्रात लिहिलं होतं. तिने तुम्हाला वाचून दाखवलं का हो? का तुम्ही तेव्हाही तिकीटच बघत होतात?

भाऊ, एका गोष्टीचा मला अजून राग आहे. छातीत कळ येत होती हे तुम्ही कोणालाच सांगितलं नाहीत. घरात टीव्ही आला, मोपेड आली, वर्ध्याचा दवाखाना तर दहा मिनिटांवर. पण तुमचं आपलं एकच, "वेचाई होऊ दे." कापूस काय पळून जाणार होता? आणि दवाखान्यात नेलं तेव्हाही तुम्ही घाबरलेल्या मलाच हसवत होतात. सलाईनच्या नळीत थेंब पडत होते. तुम्ही बराच वेळ त्यांच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पाय कुंदे, याले सम नाई. हे तुयं जपानी हाय." मी हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. ते हसणं मी जपून ठेवलं आहे.

आता परवाची गोष्ट.

महादूकाका ओसरीवर बसले, चहा झाला. मग त्यांनी घसा खाकरला. "कुंदाबाई, भाऊची खंजिरी न्यायले आलो. मंडयाची रीत हाय." मी सरळ सांगितलं, "मिळणार नाही, काका. उद्या-परवा माझा वर्ग सुरू होतो आहे आणि मला ती लागणार." त्यांच्याबरोबरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. काका चिडले नाहीत, पण म्हणाले, "जपानी शिकवाले खंजिरी कायले लागते? टेबल वाजव ना बाई!"

मी आत गेले, खुंटीवरची पिशवी आणली, खंजिरी काढून त्यांच्याच हातात दिली. म्हटलं, चार सारख्या मात्रा वाजवा. दुसरी रिकामी सोडा. मी 'निप्पोन' म्हणते. काकांनी वाजवलं. पहिल्याच मात्रेवर धडाम! सम! मला हसू आवरेना. त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा धडाम. बरोबरचे दोघंही हसायला लागले. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी खंजिरी मांडीवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसले.

"भाऊचंबी असंच झालतं," ते म्हणाले. "तुले ठाव नाई?"

काय ठाव नाही?

"तू बाहेरदेशी जायच्या आंधीची गोठ हाय. एका गुरुवारी भाऊ मले म्हने, महादू, मले काही दिवस मांगं बसू दे. मी टायी देतो. म्या म्हनलं, काऊन गा? तं म्हने, गुरुवारी सम देल्ली का शुक्रवारी हात आयकत नाई. पोरीपुढं धडकन पडते. हात सद्या पोरीच्या कामात हाय."

मी म्हटलं, पण काका, ते दर गुरुवारी खंजिरी घेऊन यायचे! मी स्वतः बघितलं आहे.

"हाव ना. घिऊन ये. पिशवी आपल्या जाग्यावर ठेवे अन् सोता मांगं जाऊन बसे. तुले समजू नाई म्हनून आने, दुसरं काय! आमी चार-पाच महिने बिनखंजिरीचं भजन केलं. पन त्या जाग्यावर कोनाले बसू देल्लं नाई."

भाऊ! चार-पाच महिने! ज्या समेसाठी देवळीपासून सेलूपर्यंत तुम्हाला बोलावणी यायची, ती तुम्ही पिशवीत बांधून ठेवलीत आणि मला 'झालं सारं ठीक' म्हणालात? का नाही सांगितलंत? मी शिकायचं सोडलं असतं, अशी भीती वाटली? अहो, मी सोडलं नसतं! मला जायचंच होतं. पण दर गुरुवारी तुम्ही परत आलात की मी तुम्हाला निदान गरम चहा तरी केला असता ना!

काकांनी खंजिरी माझ्याकडे सरकवली. "ठेव तू. हे तवाच तुयी झाली. आमी उगाच मांगाले आलो. फक्त गुरुवारी पिशवी आनून त्याच्या जाग्यावर ठेवत जाजो. आमाले सवय हाय."

किती साधं होतं ते! मी हो म्हणणारच होते. पण तुमच्या पोरीचं तोंड गप्प कुठे राहतं? मी म्हटलं, "पिशवी नाही काका. मी येऊन वाजवीन."

आमच्या मंडळात बायका बसत नाहीत, हे त्या दोघांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. काकांनी एवढंच विचारलं, "सम येते का तुले?"

खरं सांगू? इतकी वर्षं त्या खंजिरीवर मी एकदाही सम दिली नव्हती. ती न देण्यातच माझं सगळं शिक्षण झालं होतं. मी खंजिरी घेतली, तुमच्यासारखी डाव्या हातात उभी धरली, आणि दिली!

त्या दोघांच्या माना खाली गेल्या. आपोआप. आणि आतून आई धावत आली. हात पिठाचे, तशीच दारात येऊन थांबली. तिने आधी तुमच्या रोजच्या जागेकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. मग म्हणाली, "चहा ठिवू का अजून?" महादूकाका डोळे पुसत म्हणाले, "ठेव वैनी. अन् येत्या गुरुवारी पोरीले पाठव."

तर अशी तुमची खंजिरी घरातच राहिली. आता माझी अडचण ऐका. उद्या सकाळी वर्ग, संध्याकाळी गुरुवारचं भजन, आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा वर्ग. तुमच्या हाताला हे जमलं नव्हतं. म्हणून तर तुम्ही मागे जाऊन बसलात. माझ्या हाताला जमेल का? मी गेले दोन दिवस शेगडीशी बसून तालीम करते आहे. पान सारखं वाजवते, मग सम देते, मग लगेच पान सारखं वाजवते. काल अंगठा दोनदा फसला. आज एकदाच.

भाऊ, मी तुम्हाला वचन देते. तुम्हाला दोन्हींतलं एक सोडावं लागलं. मी एकही सोडणार नाही. वर्गात पोरांना तुमच्यासारख्या सारख्या मात्रा देईन आणि भजनात तुमच्यासारखी सम देईन, याच एका हाताने. शुक्रवारी वर्ग सुटला की केंद्राच्या निंबाखाली क्षणभर थांबेन. तुम्ही तिथे काय विचाराल ते मला ठाऊक आहे.

नाई देल्ली, भाऊ. काल संध्याकाळी देल्ली.

तुमची, आणि आता तुमच्या जागेवर बसणारी,
कुंदा